डेडलॉक : पुस्तकातला आणि कामातला

(शिरढोण, ता. पनवेल इथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोली तशीच ठेवली आहे.)



वासुदेव बळवंत फडक्यांच्या जन्मगावी, शिरढोणात, डेटाबेसवर व्याख्यान म्हणजे जरा विचित्रच वाटेल. फडके पुढे काय झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्यांची नोकरी पुण्यात लष्कराच्या हिशेबखात्यात होती. तेवढाच धागा आम्ही पकडतो, कारण आजचा विषयही शेवटी हिशेबाचाच आहे.

आम्ही म्हणजे चार-पाच जण. दुसऱ्यांचे डेटाबेस सांभाळणं हा आमचा व्यवसाय. आज बोलायचंय ते डेडलॉकबद्दल, आणि एका पुस्तकाबद्दल. 'डेटाबेस सिस्टीम कन्सेप्ट्स' हे सिल्बरशॅट्झ, कोर्थ आणि सुदर्शन यांचं पुस्तक. इथल्या इंजिनीअरिंगच्या मुलांना ते माहीत असेल. शिडाच्या होड्यांचं पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. पहिली आवृत्ती १९८६ ची, सातवी २०१९ ची. तिघांपैकी सुदर्शन हे आयआयटी मुंबईचे, म्हणजे आपल्या खाडीपलीकडचेच. आम्ही सगळे याच पुस्तकावर शिकलो. म्हणून टीका करताना आधी ऋण मान्य करतो.

तिढा आणि कोंडी

ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी आधी दोन मिनिटं. विहिरीवर दोघं जण आलेत असं समजा. एकाच्या हातात दोर आहे, दुसऱ्याच्या हातात पोहरा. पाणी काढायला दोन्ही लागतं. पहिला म्हणतो, पोहरा मिळेपर्यंत दोर सोडणार नाही. दुसरा म्हणतो, दोर मिळेपर्यंत पोहरा सोडणार नाही. दोघंही शहाणे, दोघंही आपापल्या परीने बरोबर, आणि दोघंही संध्याकाळपर्यंत तहानलेले. हा डेडलॉक.

डेटाबेसमध्ये दोर-पोहऱ्याच्या जागी नोंदी असतात. एक ट्रान्झॅक्शन एखादी नोंद बदलत असेल तर त्या नोंदीवर लॉक लागतो आणि कमिट होईपर्यंत दुसऱ्याला ती बदलता येत नाही. पहिल्याने क नोंद धरली आणि त्याला ख हवी. दुसऱ्याने ख धरली आणि त्याला क हवी. झाला तिढा.

इथे मराठी उपयोगी पडते. आपल्याकडे कोंडी आणि तिढा असे दोन शब्द आहेत. गणपतीत इथल्या मुंबई-गोवा हायवेवर होते ती बहुतेक वेळा कोंडी असते: रांग लांब आहे, पुढचा हलला की मागचा हलेल. डेटाबेसमधल्या नुसत्या वाट बघण्याला, म्हणजे ब्लॉकिंगला, कोंडी म्हणावं. ती वेळ खाते, पण सुटते. तिढा आपोआप कधीच सुटत नाही, कुणाला तरी मागे सरावंच लागतं. आमच्याकडे 'डेडलॉक झालाय' म्हणून जे फोन येतात त्यातले बरेचसे कोंडीचे निघतात. कुणीतरी ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून जेवायला गेलेला असतो. रोग वेगळा, औषध वेगळं, म्हणून पहिला प्रश्न नेहमी हाच विचारावा: कोंडी की तिढा?

पुस्तक काय देतं

पुस्तकातला डेडलॉकचा भाग चांगला आहे. लॉकचे नियम आले की लगेच तो येतो, आणि टू-फेज लॉकिंग पाळलं तरी डेडलॉक टळत नाही हे स्पष्ट सांगतो. मग प्रतिबंधाचे उपाय येतात: लॉक ठरावीक क्रमानेच घ्या, किंवा वेट-डाय आणि वूंड-वेट. या दोन्हींत कोण जुना आणि कोण नवा यावरून कुणी थांबायचं, कुणी मरायचं हे ठरतं. मग शोध: कोण कुणाची वाट बघतोय याचा आलेख काढायचा आणि त्यात चक्र आहे का ते बघायचं. मग बळी कुणाला द्यायचा, आणि एकाच गरिबाचा वारंवार बळी जाऊ नये म्हणून काय करायचं.

या सगळ्याच्या मुळाशी एक विचार आहे आणि तो पुस्तकात मांडलेला आहे. डेडलॉक हे पत्करावं लागणारं दुखणं आहे. हिशेब चुकण्यापेक्षा ते बरं, कारण एक ट्रान्झॅक्शन रोलबॅक केलं की ते निस्तरता येतं. चुकलेला हिशेब मात्र बाहेरच्या जगात नुकसान करतो.

विचार बरोबर आहे. आपली कोकण रेल्वे घ्या. तिचा बराचसा मार्ग अजून एकेरी आहे. समोरासमोर दोन गाड्या येऊन अडकल्या तर मालगाडी मागे ढकलत नेणं किती महाग पडेल! म्हणून तिथे प्रतिबंध: पुढच्या स्टेशनची परवानगी मिळाल्याशिवाय गाडी सुटतच नाही. डेटाबेसमध्ये मागे जाणं स्वस्त आहे. म्हणून बहुतेक डेटाबेस आधी अडवत नाहीत. अडकू देतात, चक्र शोधतात, एकाला मागे घेतात. वूंड-वेट केवळ परीक्षेपुरतं आहे असंही नाही, गूगलच्या स्पॅनरमध्ये ते वापरलंय. पण आपण ज्यावर रोज काम करतो त्या मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, एसक्यूएल सर्व्हर आणि ओरॅकलमध्ये मुख्य भिस्त शोधावर आहे.

आता आमची पहिली तक्रार. 'रोलबॅक केलं की निस्तरता येतं' – पण निस्तरायचं कुणी? डेटाबेस फक्त मागे घेतो. पुन्हा सुरू करायचं काम आपल्या प्रोग्रॅमचं असतं. डेडलॉकच्या त्या भागाचा तो विषय नाही, आणि आमचं नेमकं तिथेच चुकलं.

आमची चूक

एका पतसंस्थेचं काम आमच्याकडे होतं. डेटाबेस मायएसक्यूएल. महिन्याचं व्याज खात्यांवर जमा करणारा प्रोग्रॅम रात्री चालायचा. खाते क्रमांकाच्या चढत्या क्रमाने एकेक खातं घ्यायचा आणि शेवटी एकदाच कमिट. एके दिवशी तो उशिरा सुरू झाला आणि सकाळी काउंटर उघडलं तरी चालूच होता.

काउंटरवर एका मुलीने एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे वळते केले. समजा ५१२ मधून ११८ मध्ये २,००० रुपये. आमच्या कोडमध्ये आधी नावे, मग जमा. म्हणजे ५१२ वर लॉक लागला. व्याजाचा प्रोग्रॅम ११८ केव्हाच धरून बसला होता आणि आता ५१२ पर्यंत आला होता. याला ११८ हवं, त्याला ५१२ हवं. तिढा. मायएसक्यूएलचं इनोडीबी इंजिन अशा वेळी ज्याने सगळ्यात कमी नोंदी बदलल्यात त्याचा बळी देतं. शेकडो खाती बदललेला प्रोग्रॅम वाचला, काउंटरचा बळी गेला. एरर १२१३.

आम्ही हुशारी केली होती. १२१३ आला की जी क्वेरी अडली ती थोड्या वेळाने पुन्हा मारायची, असं कोडमध्ये लिहिलं होतं. अडलेली क्वेरी होती 'जमा'. पण १२१३ मध्ये इनोडीबी अख्खं ट्रान्झॅक्शन मागे घेतं. म्हणजे 'नावे' पुसलं गेलं होतं. आमचं कोड फक्त 'जमा' मारत राहिलं, आणि व्याजाचं काम संपताच ते लागू पडलं. जुनं ट्रान्झॅक्शन संपलेलं, त्यामुळे ही एकटी क्वेरी आपली आपण कमिटही झाली. ११८ मध्ये २,००० आले, ५१२ मधून काहीच गेलं नाही. पडद्यावर 'व्यवहार यशस्वी'.

संध्याकाळी ताळा बसेना. नोंदीवर लॉगिन त्या मुलीचं. तिला रात्रीपर्यंत बसवून ठेवलं, दोन दिवस प्रश्न विचारले. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात तसं. आम्हाला कारण सापडायला तिसरा दिवस उजाडला, कारण 'शो इंजिन इनोडीबी स्टेटस' मध्ये फक्त शेवटचा डेडलॉक दिसतो, आणि सगळे डेडलॉक लॉगमध्ये लिहिण्याचं सेटिंग आम्ही चालू केलेलंच नव्हतं.

आता बघा, हेच चुकीचं कोड वेगवेगळ्या डेटाबेसवर कसं वागलं असतं. पोस्टग्रेसमध्ये डेडलॉकनंतर ट्रान्झॅक्शन निकामी होतं. सेव्हपॉइंट नसेल तर पूर्ण रोलबॅक केल्याशिवाय पुढची कुठलीही क्वेरी चालत नाही. आमची चूक तिथे पहिल्याच दिवशी बोंबलली असती. ओरॅकलमध्ये ओआरए-०००६० आला तर फक्त ती एक क्वेरी मागे जाते. आधीचं 'नावे' तसंच राहतं आणि त्याचा लॉकही तसाच राहतो. आणि मायएसक्यूएलमध्येच लॉकची वाट बघून वेळ संपली, म्हणजे एरर १२०५ आला, तर नेहमीच्या सेटिंगमध्ये फक्त शेवटची क्वेरी मागे जाते, ट्रान्झॅक्शन जिवंत राहतं. त्यात गंमत अशी की एसक्यूएल सर्व्हरमध्ये डेडलॉकचाच क्रमांक १२०५ आहे.

म्हणजे 'बळी रोलबॅक होतो' या एका वाक्याचे चार ठिकाणी तीन-चार अर्थ. पुस्तकाला प्रत्येक कंपनीचं मॅन्युअल व्हायची गरज नाही, हे आम्हाला मान्य आहे. पण किती मागे जातं हे ठिकाणाप्रमाणे बदलतं आणि पुढची जबाबदारी प्रोग्रॅमची आहे, एवढी दोन वाक्यं तिथे असायला हवी होती. पैसे बुडतात ते नेमके या दोन वाक्यांच्या जागी.

क आणि ख म्हणजे नक्की काय

दुसरी तक्रार. पुस्तकात लॉक 'क' वर आणि 'ख' वर लागतो. शिकवायला ते सोपं. पण खऱ्या डेटाबेसमध्ये क म्हणजे काय? इनोडीबीत लॉक इंडेक्सच्या नोंदींवर लागतो, आणि रिपीटेबल रीड या नेहमीच्या पातळीवर दोन नोंदींच्या मधल्या रिकाम्या जागेवरही लागतो. नसलेल्या नोंदीसाठी दोघं अडकलेत असं दृश्य त्यामुळे दिसतं. अपडेटला योग्य इंडेक्स नसेल तर शोधताना वाटेत आलेल्या सगळ्या नोंदी धरल्या जातात. आपल्याला एक नोंद हवी होती, धरल्या दहा हजार. ओरॅकलमध्ये फॉरेन कीवर इंडेक्स नसेल आणि मूळ टेबलातली नोंद काढली किंवा तिची की बदलली, तर दुसऱ्या अख्ख्या टेबलावर लॉक येतो. डेडलॉकचं हे तिथलं जुनं, नावाजलेलं कारण आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: दोन प्रोग्रॅममध्ये एकेकच अपडेट असेल तरी डेडलॉक होऊ शकतो. एक क्वेरी एका इंडेक्सने फिरते, दुसरी दुसऱ्याने. त्याच नोंदी, पण धरण्याचा क्रम उलटा. हा क्रम आपण कोडमध्ये कुठेच लिहिलेला नसतो, तो ऑप्टिमायझरने ठरवलेला असतो.

पुस्तकात इंडेक्सवरचे लॉक आहेत, रिकाम्या जागांचा प्रश्नही आहे, पण ते पुढच्या वेगळ्या भागांत. डेडलॉकशी त्यांचा सांधा विद्यार्थ्याने स्वतः जुळवायचा. तो जुळवत नाही, कारण परीक्षेत तसं विचारत नाहीत. परीक्षेत चार ट्रान्झॅक्शन देतात, आलेख काढा म्हणतात, चक्र आहे की नाही ते लिहा, पाच मार्क. कामावर गेल्यावर हे उलटं होतं. आलेख डेटाबेसने काढलेला असतो, चक्र सापडलेलं असतं. विचारायचं एवढंच उरतं की ही दोन टोकं कोडमधल्या कोणत्या दोन ओळींतून आली. उत्तर काढायला आपण शिकवतो, उत्तर वाचायला शिकवत नाही.

मग करायचं काय

आम्ही आता जे करतो ते क्रमाने सांगतो. यातला क्रमच महत्त्वाचा आहे.

आधी पुरावा. मायएसक्यूएलमध्ये सगळे डेडलॉक लॉगमध्ये छापण्याचं सेटिंग चालू करा. पोस्टग्रेस डेडलॉकचा तपशील लॉगमध्ये लिहितोच; त्यात लांबलेल्या लॉकची नोंद ठेवण्याचं सेटिंगही चालू केलं की कोंडीही दिसते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये सिस्टीम हेल्थ नावाच्या सत्रात डेडलॉकचा आलेख आधीपासून साठत असतो, फक्त उघडून बघायचा.

मग वाचन. दोन्ही बाजूंसाठी तीन गोष्टी कागदावर लिहा: काय धरलंय, काय हवंय, कोणत्या इंडेक्सवर. एक धोका लक्षात ठेवा. अहवालात बहुधा दिसते ती अडलेली क्वेरी. पहिला लॉक ज्या आधीच्या क्वेरीने घेतला ती अहवालात असेलच असं नाही. ती कोडमध्ये शोधावी लागते. आमच्या प्रकरणात 'जमा' दिसत होतं, गुन्हेगार 'नावे' होतं.

मग क्रम. आम्ही काय बदललं? नावे-जमा काहीही असो, दोन खात्यांपैकी लहान क्रमांकाचं खातं आधी 'सिलेक्ट फॉर अपडेट'ने धरायचं, मग मोठं. एवढंच. व्याजाचा प्रोग्रॅम चढत्या क्रमाने जात होताच, त्यामुळे चक्र व्हायची शक्यताच संपली. मागे वळून पाहिलं तेव्हा कळलं की ११८ मधून ५१२ मध्ये पैसे पाठवले असते तर कधीच अडलं नसतं. फक्त मोठ्या क्रमांकातून लहानात जाणारे व्यवहार अडत होते. म्हणून तर 'कधीकधी होतं' असं वाटायचं. हा उपाय नवा नाही. आयबीएमच्या हॅवेंडर यांनी १९६८ मध्ये क्रमाचा मार्ग मांडला होता, आणि तो पुस्तकातही आहे. आम्ही पाठ करून आलो होतो, वापरला नव्हता.

मग ट्रान्झॅक्शन लहान करणं. जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये एक हिशेब मांडला: डेडलॉकचा दर ट्रान्झॅक्शनमधल्या कृतींच्या पाचव्या घाताने वाढतो. म्हणजे कृती निम्म्या केल्या तर डेडलॉक बत्तिसाव्या हिश्श्यावर येतात. दर सेकंदाच्या ट्रान्झॅक्शनांचा मात्र फक्त वर्ग. म्हणून 'गर्दी वाढली' ही तक्रार अर्धवट आहे. ट्रान्झॅक्शन किती लांब आहे ते आधी सांगा. या हिशेबात सगळ्या नोंदींना सारखी मागणी आहे असं धरलंय, आणि खऱ्या जगात तसं नसतं. गणपतीच्या आदल्या दिवशीच्या कोकणच्या गाडीला आणि एरवीच्या मंगळवारच्या गाडीला मागणी सारखी नसते. म्हणून आकडा जसाच्या तसा घेऊ नका, पण दिशा घ्या. जी नोंद सगळ्यांनाच लागते, उदाहरणार्थ पुढचा पावती क्रमांक, ती ट्रान्झॅक्शनच्या शेवटी धरा. एसएमएस पाठवणं आणि दुसऱ्या सर्व्हरला विचारणं ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढा.

व्याजाचं काम आम्ही शंभर-शंभर खात्यांच्या तुकड्यांत केलं. पण तुकडे केले की 'सगळं किंवा काहीच नाही' ही हमी जाते. म्हणून कोणत्या खात्याला कोणत्या महिन्याचं व्याज दिलं याची खूण त्याच तुकड्यात लिहायची, म्हणजे मध्येच बंद पडलं तर पुन्हा चालवताना दोनदा व्याज पडत नाही.

शेवटी पुन्हा प्रयत्न. तो लागतोच, कारण मोठ्या कोडमध्ये सगळीकडे क्रम पाळणं जमत नाही. हायबरनेटसारखी साधनं वापरली तर अपडेट कोणत्या क्रमाने जातात हेही आपल्या हातात पूर्ण नसतं. तिथे अपडेट कीच्या क्रमाने लावण्याचं एक सेटिंग आहे, ते बघा. पण प्रयत्न करायचा तो अख्ख्या ट्रान्झॅक्शनचा, पहिल्या वाचनापासून. मधे थोडा कमी-जास्त वेळ सोडून, तीन-चार वेळाच, आणि प्रत्येक वेळी लॉगमध्ये नोंद करून. नुसत्या पुनःप्रयत्नाची सवय लागली की तिढे दिसेनासे होतात. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो.

दोन प्रश्न

(श्रोत्यांतून: वाचणाऱ्या क्वेरींना नोलॉक लावलं की सुटत नाही का?)

सुटतं, पण मग कमिट न झालेले आकडे वाचले जातात. खात्याच्या शिल्लक रकमेला ते चालणार आहे का, हे हिशेबनिसाला विचारा. वाचणारे आणि लिहिणारे एकमेकांना अडवत असतील तर स्नॅपशॉटवर वाचा. पोस्टग्रेस, ओरॅकल, इनोडीबी साध्या वाचनाला तसंच करतात, एसक्यूएल सर्व्हरमध्ये ते चालू करता येतं. लिहिणाऱ्या दोघांचा तिढा मात्र त्यानेही जात नाही.

(श्रोत्यांतून: आमच्याकडे डेडलॉकचा शोधच बंद करा असं सुचवलंय.)

इनोडीबीत तो बंद करता येतो, आणि एकाच नोंदीवर शेकडो थ्रेड वाट बघत असतील तर शोधाचाच भार होतो हे खरं आहे. पण मग तिढा फक्त वेळ संपल्यावर सुटणार, आणि ती वेळ ठरलेली नसेल तर ५० सेकंद असते. आणि आत्ताच सांगितलं तसं, वेळ संपल्यावर फक्त शेवटची क्वेरी मागे जाते. त्या एररवर तुमचा प्रोग्रॅम स्वतः पूर्ण रोलबॅक करतो का ते आधी तपासा. करत नसेल तर शोधाला हात लावू नका.

जाता जाता एवढंच. डेडलॉकचा अहवाल म्हणजे डेटाबेसची कुरकुर समजू नका. आपल्याच दोन प्रोग्रॅमांचं 'आधी काय, मग काय' यावर एकमत नाही, याची ती लेखी नोंद आहे. पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत असा एखादा खरा अहवाल उदाहरण म्हणून आला, आणि परीक्षेत 'या दोन ओळी कोडमध्ये कुठे असतील' असा प्रश्न आला, तर आमची तक्रार संपली. त्या मुलीची माफी आम्ही मागितली, पतसंस्थेला कारणही लेखी दिलं. ती म्हणाली, "सर, मशीन चुकत नाही असंच सगळे म्हणत होते." मशीन चुकलं नव्हतंच. चुकलो होतो आम्ही, पण आम्हाला कुणी रात्रीपर्यंत बसवून ठेवलं नाही.

एवढं बोलून थांबतो.